ओळखपरेड

ड्रायव्हरने मागचं दार उघडून धरलं तेव्हा साहेब फोनवर बोलत होते. एक पाय बाहेर टाकून ते तसेच बसून राहिले, पलीकडच्याचं ऐकत. इंजिन चालूच होतं. तेवढ्यात फुटपाथवरून एक माणूस आला. तिशीचा, नीट भांग पाडलेला, काखेत कागदपत्रांची असते तशी सपाट पिशवी. कंपनीतलाच कुणी असेल, असं ड्रायव्हरला वाटलं.

"दादा, जरा बाजूला होता का?" तो म्हणाला.

ड्रायव्हर बाजूला झाला.

पहिला आवाज झाला तेव्हा त्याला वाटलं टायर फुटला. तो वाकून चाकाकडे बघायलाही लागला. दुसऱ्या आवाजाला साहेब दाराबाहेर कलंडले. त्यांचा फोन गटाराच्या जाळीवर पडला आणि त्यातून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत राहिलं. तो माणूस पळाला नाही. आला तसाच चालत कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळला.

ड्रायव्हरने साहेबांचं डोकं मांडीवर घेतलं. साहेबांनी त्याची उजवी बाही मनगटापाशी घट्ट पकडली.

"गाडी बंद कर," ते म्हणाले. मग आणखी काहीतरी म्हणाले, ते कळलं नाही. गाडी बंद करायला उठावं तर बाही सुटत नव्हती. अँब्युलन्स येण्याआधीच सगळं आटोपलं, तरी इंजिन चालूच होतं.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरने त्याला चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तुम्ही बाजूला का झालात, असं विचारल्यावर ड्रायव्हरने बराच विचार केला आणि म्हणाला, त्याने विचारलं म्हणून. लिहिता लिहिता इन्स्पेक्टरचा हात थांबला. त्याने वर पाहिलं आणि तेच शब्द लिहून घेतले.

दुपारी तो घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचली होती. जिन्यात माणसं उभी होती. आपल्याला बघून ती गप्प होतील, निदान आवाज तरी खाली आणतील, असं त्याने धरून चाललं होतं. पण माणसं हसत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या औषधवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात, तो म्हणाला, पण या वेळी झाला बाबा. त्यावर वरच्या पायरीवरून कुणीतरी फोनवर आलेला विनोद वाचून दाखवला. साहेब वर जातात, तिथल्या खिडकीवरचा कारकून विचारतो, गोळी लागणार हे आम्हाला आधी कळवलं होतं का? नाही? मग क्लेम नामंजूर.

दारात उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या बायकोलाही हसू फुटलं. मग तिची नजर त्याच्या बाहीवर गेली आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

साहेब ज्या विमा कंपनीचे प्रमुख होते, ती त्या इमारतीतल्या बहुतेक घरांना नडली होती. कुणाच्या आईचं ऑपरेशन अडलं होतं, कुणाच्या लेकीचे उपचार अर्ध्यावर सुटले होते. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर तेवढे म्हणत राहिले की खून तो खूनच, उद्या कुणाला शाळेचा राग आला तर माझ्यावरही गोळी झाडाल काय. औषधवाला हातघाईवर आला. टेबलावर बसून माणसं मारली की ते कामकाज, आणि रस्त्यावर मारलं की खून, हा कुठला न्याय, मास्तर? मास्तरांनी दार लावून घेतलं. ड्रायव्हरला दोघांचंही म्हणणं खरं वाटत होतं आणि दोघांनीही फुटपाथ पाहिलेला नव्हता.

घरात ताई होती. ताई त्याची थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती त्याच्याकडेच राहत होती आणि खिडकीपाशी मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवत होती. भाऊजींच्या यकृताचा आजार पॉलिसी घेण्याआधीचा आहे, असं कंपनीने ठरवलं होतं. तसं नव्हतं. ताईने डॉक्टरांचं पत्र दाखवलं, तपासण्या दाखवल्या, कंपनीच्या खिडकीवर चकरा मारल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी.

ड्रायव्हरने तेव्हा साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेबांनी मागच्या सीटवरून सगळं ऐकून घेतलं. नियम सगळ्यांना सारखे असतात रे, असं म्हणाले आणि मग हॉस्पिटलात जायला त्याला हवी तेव्हा सुटी दिली. भाऊजी असेपर्यंत रोज सकाळी गाडीत बसताना ते विचारायचे, कसे आहेत तुझे मेहुणे? मनापासून विचारायचे. साहेब वाईट नव्हते, असं ड्रायव्हर आज म्हणाला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि चांगले होते, असं म्हणायला त्याचीच जीभ रेटत नव्हती.

ताईने त्याला पाणी दिलं. शर्ट काढून घेतला आणि बादलीत भिजत घातला. बातमीबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढचे कित्येक दिवसही नाही.

तो माणूस पकडला गेला तेव्हा लोकांनी पेपर वाटून वाटून वाचला. एक्स-रे काढणारा टेक्निशियन होता. वडिलांचा क्लेम कंपनीने फेटाळला होता, वडील गेले होते. सगळा आरोप तो नाकारत होता. कोपऱ्यावरचा कॅमेरा बंद होता, पिस्तूल सापडलं नव्हतं. तोंड जवळून पाहिलेला माणूस एकच होता.

मग माणसं घरी येऊ लागली. आडून आडून बोलायची, चहा घ्यायची. माणसाची नजर काय, चुकू शकते. उन्हात काय दिसतंय. औषधवाल्याने आडपडदा ठेवला नाही. ओळखलं नाही म्हणालास तर कुणाचं काय जातं, त्याने विचारलं, आणि ओळखलंस तर तुझ्या ताईला तोंड कसं दाखवणार आहेस? ताई तिथेच मशीनवर होती. तिने मान वर केली नाही. तो गेल्यावर बायको म्हणाली, काय करायचं ते करा, पण आपल्याला इथेच राहायचंय.

ड्रायव्हरला नीट झोप नव्हती. उजव्या हातात बाही चढवताना मनगट जड व्हायचं. जिन्यात कुणी "जरा सरकता का" म्हटलं की तो सरकायचा नाही, आधी वळून माणसाचं तोंड बघायचा. त्याला वाटायचं, ताईने एकदा सांगावं. ओळख म्हणावं नाहीतर नको म्हणावं, म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

तुरुंगात ओळखपरेडला जायचं होतं त्या सकाळी ताई काजं करत बसली होती. तो तयार होऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"ताई, निघतो मी."

तिने सुई कापडात खोचून ठेवली.

"लगेच गेले का रे ते?"

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. तिला कोणतं उत्तर हवंय, ते तिच्या चेहऱ्यावर शोधूनही त्याला सापडेना. हो म्हटलं तर तिला बरं वाटेल की नाही म्हटलं तर?

"नाही," तो म्हणाला. "वेळ लागला."

"जवळ कोण होतं?"

"मीच. त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती."

ताईने मान डोलावली. ती हातातल्या कापडाच्या सुरकुत्या सारख्या करत राहिली.

"ह्यांच्याजवळ कुणी नव्हतं," ती म्हणाली. "मी त्या खिडकीवर रांगेत होते."

हे त्याला माहीत नव्हतं. ताई शेवटी जवळ होती, असंच घरात सगळे धरून चालले होते आणि तिनेही कधी कुणाचं म्हणणं खोडलं नव्हतं. ताईने कापडाची घडी घातली, चपला पायांत सरकवल्या आणि म्हणाली की चल, मीही येते.

तुरुंगाच्या आत एका लांब खोलीत एका उंचीची, एका वयाची माणसं रांगेत उभी होती. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या, घाई नाही, सावकाश बघा, ओळख पटली तर खांद्यावर हात ठेवा. ड्रायव्हर सावकाशच चालला. खरं तर दारातून शिरल्या शिरल्याच त्याला तो दिसला होता. भांग तसाच नीट पाडलेला होता. मधल्या माणसांसमोरून जाताना आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर आल्यावर त्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं. नजरेत धमकी नव्हती, विनवणी नव्हती, नुसती ओळख होती.

ड्रायव्हरने हात ठेवला. खांदा थरथरत होता. शर्टाखाली हाडं लागत होती. हात काढून घ्यायला त्याला जरा वेळच लागला.

बाहेर आला तेव्हा फाटकासमोरच्या बाकावर ताई एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसलेली होती. बाईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. ताईने निकाल विचारला नाही. या कधीच्या बसून आहेत, ती म्हणाली, यांचा मुलगा आत आहे, आज कसलीशी परेड आहे म्हणून भेट नाही म्हणाले.

ड्रायव्हर जागच्या जागी उभा राहिला. त्याने ताईकडे पाहिलं. ताई रस्त्याकडे बघत होती.

"तुम्ही आतून आलात ना?" बाईने विचारलं. "माझा मुलगा दिसला का हो? उंच आहे. भांग पाडायची भारी हौस."

"दिसला," तो म्हणाला.

"कसा आहे?"

त्याने तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"बरा आहे. थंडी वाजत होती जरा."

बाईने लगबगीने पिशवीत हात घातला आणि एक घरी विणलेला स्वेटर काढला. मघापासून सांगतेय, ती म्हणाली, पण कुणी घेतच नाही. तुम्ही आत जाऊन आलात, तुमचं ऐकतील. तिने स्वेटर त्याच्या हातात ठेवला. नाही म्हणायला त्याला वेळच मिळाला नाही.

तो परत फाटकाकडे गेला. शिपायाने स्वेटर उलटसुलट करून पाहिला, शिवणी चाचपल्या, कैद्याचं नाव विचारून लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून त्याने वर पाहिलं.

"आणि तुम्ही त्याचे कोण?"

मागे बाकावर दोघी बायका त्याच्याकडेच बघत होत्या. शिपाई उत्तराची वाट पाहत थांबला.