माप आलं होतं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तुमच्या प्रसूती विभागाच्या जाड रजिस्टरात एका रडणाऱ्या पोराला तुम्ही मेलेलं जन्माला घातलंत. "मृत जन्म. वेळ दुपारी तीन पंचवीस." खाली सही, आणि सहीचा झोक काय विचारता! हात जरासुद्धा थरथरलेला नाही.

मी कोण ते तुम्हाला आठवायचं नाही. तुमच्या प्रसूती विभागाबाहेरच्या बाकावर विणत बसलेली असते ना, ती बाई. एकदा तुम्ही माझ्या पायाला अडखळलात आणि म्हणालात, "हा दवाखाना आहे की लोकरीचं दुकान?" तुमच्याबरोबरचे चार डॉक्टर हसले. मीही हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मी छापखान्यात बाइंडिंगला आहे. आम्ही अठरा बायका. छापलेल्या कागदांना घड्या घालायच्या, ते क्रमाने लावायचे, शिवायचे. आमच्यातली कुणी बाळंत झाली की त्या बाळाचं पहिलं टोपडं माझ्या हातचं. हा काही नियम नाही, माझी खोड आहे. मला स्वतःला मूल नाही. त्यावरून मारायचे ते टोमणे सगळे मारून झालेत, एखादा नवा कुणाकडे असेल तर जरूर कळवावा.

पहिलं टोपडं मी कटिंगवालीच्या मुलीसाठी अंदाजाने विणलं होतं. ते बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरलं. कटिंगवाली म्हणाली, "अगं, हे माझ्या सासऱ्यांचं झालं. आता बाळाचं कर." आणि तिचे सासरे खरंच दोन हिवाळे ते घालून हिंडले. तेव्हापासून मी अंदाज सोडला.

टोपडं मी आडवं विणते. म्हणजे ते डोक्याभोवती फिरत जातं. जितक्या ओळी वाढवाल तितका घेर वाढतो. घेर पुरला की टाके बंद करायचे आणि दोन्ही कडा मागे शिवून टाकायच्या. शेवटच्या ओळी मी घरी विणतच नाही. टाके सुईवर तसेच ठेवून दवाखान्यात येते आणि पांढऱ्या लोकरीचा दोन वितींचा तुकडा आयाबाईकडे देते. बाळ जन्मलं, पुसून झालं, की ती तो तुकडा त्याच्या कपाळावरून मागे फिरवते, टोकं भेटतील तिथे गाठ मारते आणि बाहेर आणून देते. मग मी उरलेल्या ओळी विणते. अर्ध्या तासात टोपडं आत. अशी अकरा बाळं झाली. माप आल्याशिवाय टोपडं बंद होत नाही, हे आमच्या खात्यात पोरीबाळींनाही पाठ आहे. आयाबाईलाही होतं. मी बाकावर दिसले की ती म्हणायची, "आली का शिंपीण? आज कुणाचं डोकं?"

बारावं डोकं टकळीच्या बाळाचं होतं.

टकळी माझ्या शेजारी बसते. तिला खरं नाव आहे, पण सकाळी सुरू झालेलं तोंड सुट्टीच्या भोंग्यालाच थांबणार, मग दुसरं काय म्हणायचं? फोरमनने एकदा वैतागून तिची खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली, तर ती भिंतीशी बोलायला लागली. दोनदा तिचं पोट पडलं होतं. दोन्ही वेळा तिने मला बजावलं होतं, "एवढ्यात सुया काढायच्या नाहीत हं." या वेळी आठवा लागला आणि ती स्वतःच लोकर घेऊन आली. पिवळीधम्मक. मी म्हटलं, "डोळे दुखतील की गं बाळाचे." तर म्हणाली, "त्याला थोडंच दिसणारेय डोक्यावरचं? मला दिसलं पाहिजे. गर्दीत कुठेही असला तरी."

त्या दिवशी मी दोनलाच येऊन बाकावर बसले. तिच्या नवऱ्याला तुम्ही औषधं आणायला समोरच्या इमारतीत पिटाळलं होतं. सासू कपडे आणायला घरी गेली होती. बाहेर मी एकटीच. बाकाच्या वर घड्याळ आहे, तुमचंच आहे. त्यात साडेतीनला पाच मिनिटं कमी होती तेव्हा आतून रडणं आलं. मी अकरा रडणी ऐकलेली बाई आहे, साहेब. मला बाळाचं रडणं आणि चाकाच्या खुर्चीचं कुरकुरणं यातला फरक कळतो.

साडेतीनला आयाबाई बाहेर आली. हातात गाठ मारलेला तुकडा.

"घे बाई. मुलगा. आणि केस बघशील तर आजच्या आज न्हावी बोलवावा लागेल."

"टकळी कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? डॉक्टरणीला शिकवतेय टाके कसे घालायचे ते. म्हणते, आम्ही बाइंडिंगवाल्या, तुमच्यापेक्षा चांगलं शिवतो."

मी हसत विणायला घेतलं. सहा ओळी कमी पडत होत्या. चौथी ओळ चालू असताना आयाबाई पळत बाहेर आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बाळांच्या खोलीच्या दारावर 'यंत्र नादुरुस्त' असा कागद महिनाभर चिकटवलेला होता. तिने तरी ते दार हलवून पाहिलं. मग ती परत आत पळाली. कुणीतरी फोनवर ओरडत होतं, "अहो, पण किती वेळ?" मी सहावी ओळ पुरी केली. टाके बंद केले. कडा शिवल्या. हात आपोआप चालत होते. चार दहाला समोरच्या इमारतीतून मुलांचे डॉक्टर जिना चढून आले. साहेब, ते पळत नव्हते. मी टोपडं हातात धरून उभी होते. कुणी मागितलं नाही.

साडेचारला एक तरुण डॉक्टर टकळीच्या नवऱ्याला म्हणाला, "बाळ मृतच जन्मलं. आम्ही प्रयत्न केले."

मी म्हटलं, "अहो, पण मी रडणं—"

"तुम्ही कोण?"

"मी मैत्रीण. एकाच खात्यात—"

"मी नातेवाइकांशी बोलतोय."

झालं. एवढ्यावर मी गप्प बसले. एरवी फोरमनच्या बापाला न भिणारी मी, त्या पांढऱ्या कोटापुढे माझी दातखीळ बसली. लिहून ठेवा तेही.

आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "तो रडला. एकदा मोठ्यांदा, मग बारीक. मी सांगतेय तर कुणी ऐकतच नाही."

सासू तिच्या केसांतून हात फिरवत होती. बाई वाईट नाही. म्हणाली, "तू गुंगीत होतीस, बाळा. मेलेलं पोर रडतं का कधी?"

नवरा दारातून म्हणाला, "डॉक्टर कशाला खोटं बोलतील? त्यांना काय मिळणार त्यातून?"

टकळीने माझा हात धरला. "तू बाहेर होतीस ना? तू सांग ह्यांना. तू ऐकलंस की नाही?"

आणि मी म्हणाले, "नाही गं."

मला वाटलं, पोर मेलेलंच जन्मलं हे दुःख माणूस कसंतरी गिळतं. पण ते जिवंत आलं, रडलं, आणि एक यंत्र बंद आणि एक डॉक्टर दुसऱ्या इमारतीत म्हणून गेलं, हे ती गिळणार कसं? मी तिला वाचवायला गेले होते. आणि तिला वेडी ठरवणाऱ्यांत अजून एक वाढवून आले.

त्यानंतर ती बोलायची थांबली. डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू झाल्या. दीड महिन्याने ती कामावर आली. सतरा बायका कान लावून बसल्या होत्या, की आता काहीतरी म्हणेल, मग म्हणेल. ती घड्या घालत राहिली. पुस्तकाची पानं उलटसुलट लागली तरी फोरमन काही बोलला नाही. तिच्यामागे उभा राहून त्याने सगळी पुन्हा लावली. असा माणूस तुमच्याकडे एक असता तर!

एका दुपारी डबा उघडताना ती हळूच म्हणाली, "ते टोपडं आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे."

"मला दे. अर्धवट असेल, तसंच दे. टाके काढू नकोस सुईवरून."

मी म्हटलं, देते. आणि दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून घेऊन आले. माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, साहेब. ती काय म्हणाली ते मी ऐकलंच नव्हतं. ती किती दिवसांनी काहीतरी मागतेय, एवढंच मला कळलं होतं.

तिने कागद उलगडला. टोपडं उलटं केलं. मागच्या शिवणीवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर.

"हे बंद आहे."

तिने टोपडं माझ्यापुढे धरलं.

"सुई कुठाय? हे बंद कसं झालं?"

आसपासच्या बायकांचे हात थांबले. त्यांनाही कळलं. माझ्या आधी कळलं.

"माप कुणी दिलं तुला?"

"आयाबाईने."

"कधी?"

"साडेतीनला."

"मेलेल्या बाळाच्या डोक्याचं माप घेते ती?"

"नाही," मी म्हटलं. "रडत होता तो. मी ऐकलं होतं."

तिने फाडकन माझ्या मुस्काटात मारली. डबा खाली पडला. कुणी मध्ये आलं नाही, बरं केलं. मग ती माझ्याच खांद्यावर कोसळली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून तिने विचारलं, "केस होते का गं त्याला?"

"खूप होते. न्हावी बोलवावा लागेल म्हणाली."

"अजून काय म्हणाली?"

मी सांगितलं. तीन-चार वाक्यं होती, किती असणार? तिने ती पुन्हा सांगायला लावली. मग पुन्हा. त्या दुपारी आमच्या टेबलावर एक पान घडीला गेलं नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराबद्दल त्या आईजवळ एका आयाबाईची तीन-चार वाक्यं आहेत, साहेब, आणि तीही मी दीड-दोन महिने दाबून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तुमच्या दवाखान्यात आलो. तिचा नवराही आला. रात्रभर ती काय काय बोलली असेल कोण जाणे, पण तो आता "डॉक्टर कशाला खोटं बोलतील" म्हणत नव्हता. कारकुनाने रजिस्टर दाखवलं. टकळी म्हणाली, "हे चुकीचं आहे. बदला." तो म्हणाला, "ताई, समजून घ्या. मेलेलं जन्मलं की एक ओळ लिहून भागतं. जन्मून मेलं की चौकशी लागते, कागद लागतात, वरून माणसं येतात. आता कुणाला हवंय ते?"

"मला," टकळी म्हणाली.

आयाबाईला तुम्ही धुलाईखान्यात पाठवलंय, तिथे गाठलं तिला. ओल्या चादरींच्या ढिगाआडून ती म्हणाली, "मी दोरा आणलाच नव्हता." माझ्याकडे पाहत नव्हती. "मला तीन पोरी आहेत, शिंपीणबाई. मी नाही आणला." आणि मग टकळीच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने पदराने तोंड झाकून घेतलं. तिच्यावर माझा राग नाही. तिला भीती कुणी घातली ते मला ठाऊक आहे.

शेवटी तुम्ही. दोन तास बसवून पाच मिनिटं दिलीत. मी तो गाठीचा तुकडा टेबलावर ठेवला. तुम्ही तो पेनाच्या टोकाने बाजूला सारलात. "बाई, यावर तारीख आहे का? नाव आहे? असले दोरे कुणीही आणेल." मग टकळीला म्हणालात, "तुम्ही तरुण आहात. पुढचं बाळ होईल. विसरा."

तिने काय म्हटलं ते तुम्ही ऐकलं नाही, तुमचा फोन वाजला होता. ती म्हणाली, "पुढचं म्हणायला आधीचं धरावं लागतं ना?"

म्हणून हे लिहितेय. याच्या प्रती तुमच्या वरच्यांना जातील, आणि छापखान्यातली बाई आहे मी, कागदाला कमी नाही. रजिस्टर बदला, चौकशी लावा, ते यंत्र दुरुस्त करा, हे मी मागणारच आहे आणि सोडणार नाही. ते माझं मागणं. टकळीचं वेगळं आहे. तिला तुमची नोकरी नको, माफीही नको. काल डबा खाताना ती म्हणाली, "त्यांना एवढंच विचार." मी तिच्याच शब्दांत विचारते.

तीन पंचवीसपासून तो जाईपर्यंत किती वेळ गेला? तेवढ्या वेळात त्याला कुणी जवळ घेतलं होतं का? की टेबलावर एकटाच ठेवला होता?

सांगा. कुणाच्या हातात होता तो?