फियाटच्या काचेला गेलेला तडा

मी पुढची काच बोलतेय, वलगावच्या महादेवरावांच्या जुन्या फियाटची. मागच्या काचेला कोण विचारतं हो! रस्ता मी दाखवते, धूळ मी खाते, पाखरांचा प्रसादही आधी मलाच.

माझा जन्म कारखान्यातला. दोन पातळ काचा आणि मध्ये चिकट पडदा, अशी माझी घडण. अकोल्याच्या दुकानातून मला पेंढ्यात गुंडाळून आणलं, त्याला तीस वर्षं झाली. आता या मापाची काच कुठे मिळत नाही, म्हणून महादेवराव मला फार जपतात. रोज सकाळी मऊ धोतराच्या फडक्यानं पुसतात. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई दारातून बघतात आणि नाक मुरडतात.

यंदाच्या मे महिन्यात काय ते ऊन! मी अंगणात तव्यासारखी तापले होते. महादेवराव जेवता जेवता तीनदा म्हणाले, "गाडी लय तापून राहिली." ते आडवे झाल्यावर कौशल्याबाई आल्या आणि माठातलं तांब्याभर गार पाणी त्यांनी माझ्यावर ओतलं. अहाहा! क्षणभर सुख वाटलं. मग कट्‌कन आवाज झाला आणि मला वीतभर तडा गेला. बाई घाबरून आत पळाल्या.

उठल्यावर महादेवरावांनी मला पाहिलं. "काल तिवस्याच्या रस्त्यानं ट्रकचा गोटा लागला असन," ते म्हणाले. बाई आत जाऊन तांब्या घासू लागल्या.

तडा रोज वाढू लागला. तो कडेला पोचला की माझा खेळ संपला, आणि माझ्याशिवाय गाडीही अंगणात गंजत पडणार. माझी तर पाचावर धारण बसली, खोटं कशाला बोलू?

शेवटी दोघं मला अमरावतीला घेऊन गेले, काचांचं काम करणाऱ्या बंडूकडे. त्यानं तड्यावरून नख फिरवलं. "काकाजी, हा गोट्याचा मार नाही. तापल्या काचीवर कोनं तरी थंड पाणी टाकलं."

महादेवरावांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "मीच टाकलं असन," ते हळूच म्हणाले. "आजकाल याद राह्यत नाही."

"तुमी कायले टाकसान? म्या टाकलं!" बाई ताडकन बोलल्या. "गाडी तापली, गाडी तापली, तीनदा म्हटलं तुमी. त्याच उनात मी पोया लाटून राहिली होती. मले एकदा तरी इचारलं?"

बंडूनं मान खाली घालून, तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडायला घेतलं. हात चळला असता तर मी तिथेच संपले असते. पण गडी कसलेला! मग त्यानं डिंकासारखं औषध तड्यात भरलं आणि दिव्याच्या उजेडात वाळवलं. तडा थांबला. सुटले बाई एकदाची!

परतताना महादेवरावांनी गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी केली. समोर माझ्याकडेच बघत त्यांनी बायकोला विचारलं, "तुले उन लागते काय वं?"

बाईंनी पदरानं कपाळावरचा घाम टिपला. "पन्नास वर्षांनी इचारलं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

आता मला पुसायला महादेवरावांना उशीर होतो. आधी ते दोघांचा चहा करतात. माझी काही तक्रार नाही, मी मजेत आहे. केसाएवढी रेघ तेवढी उरलीय, बाई बसतात त्या बाजूला. तुम्हाला हात जोडून सांगते, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि घरातलं माणूस तापलं असेल, तर विचारायला पन्नास वर्षं लावू नका.