कळी धरलेला शेंडा

दसरा चार दिवसांवर आला होता आणि सगुणाबाईंच्या सतरा कुंड्यांत एका कळीचाही पत्ता नव्हता.

रोज पहाटे त्या मारुंजीतल्या आपल्या तीन मजली घराचा जिना चढून गच्चीवर जायच्या आणि शेवंतीचा एकेक शेंडा दोन बोटांत धरून चाचपायच्या. कुंड्या म्हणजे काय, तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या आणि मोडक्या फ्रिजचे दोन खण. पाण्याच्या टाकीवर गेणबांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, मोठा पांढरा दिवा बसवला होता, त्यामुळे उजाडायच्या आधीही पानाची शीर न शीर दिसायची. शेंड्यात कळी असली की बोटाला मोहरीएवढी गाठ लागते. सगुणाबाईंच्या बोटाला लागायची ती नुसती कोवळी पानं. रोपं तरी कशी, गुडघ्याच्या वर गेलेली, हिरवीगार, माजलेली. बघणाऱ्याला वाटावं, काय हिचा हात आहे! आणि हिला वाटायचं, आग लागो त्या पाल्याला.

घरची ही शेवंती पिवळी, बारीक, पाकळीच्या पाठीला तांबूस. दसऱ्याला कळी धरायची, दिवाळीत उमलायची आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या टाकाला तिचाच हार जायचा. सगुणाबाई सून होऊन आल्यापासून पस्तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. चुकली ती गेल्या वर्षी.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेणबांनी पौडला जाऊन रस्त्याकडेच्या शेताच्या खरेदीखतावर सह्या केल्या होत्या. त्या शेतात आता अकरा मजले उभे आहेत. शेवंतीचा वाफा त्याच शेताच्या बांधाशी होता. यंत्र यायच्या आदल्या दिवशी सगुणाबाईंनी जुन्या बुंध्यांभोवती फुटलेले मुनवे, म्हणजे नवे कोंब, मुळांसकट सोडवले, वाफ्यातलीच काळी माती घमेल्याघमेल्यानं गच्चीवर चढवली आणि शेवंतीचं बिऱ्हाड तिथं हलवलं. रोपं जगली, चांगली तरारली. पण त्या वर्षी एक फूल आलं नाही, आणि कार्तिकात सुनेचं, सायलीचं, मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं.

सगुणाबाईंच्या मनानं या सगळ्याची एकच गाठ मारून टाकली. शेत विकलं म्हणून शेवंतीनं तोंड फिरवलं आणि शेवंतीनं तोंड फिरवलं म्हणून बाळ गेलं. हे त्या नवऱ्याला बोलल्या नाहीत, लेकाला बोलल्या नाहीत. एकदाच बोलल्या, आणि नेमकं बोलू नये तिथं बोलल्या. दवाखान्यातून आलेल्या सायलीच्या उशाशी बसून रडता रडता त्यांच्या तोंडून गेलं, "शेवंतीला कळी धरली न्हाई, तवाच माज्या काळजात धस्स झालं हुतं." सायली भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं की नाही, हे सगुणाबाईंनी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

आता सायलीला पुन्हा सातवा सरत आला होता. मार्गशीर्षातली तारीख होती. आणि शेवंती पुन्हा मुकी.

भीती वाटली की सगुणाबाई कलमं करायच्या. वंश टिकला पाहिजे, एवढंच तेव्हा त्यांना कळायचं. यंदाच्या पावसाळ्यात त्यांनी कलमांचा सपाटाच लावला. बोटभर लांबीचा कोवळा शेंडा घ्यायचा, पानाच्या डोळ्याखाली ब्लेडनं काप द्यायचा, खालची पानं काढायची, ओल्या वाळूत खोचायचा आणि वर दुधाची पिशवी पालथी घालायची. पंधरा-वीस दिवसांनी हलकेच ओढून बघायचं. हाताला अडलं, की मूळ धरलं. तयार झालेली कलमं त्यांनी खालच्या भाडेकरूंना वाटली. कलमाचं मोल घ्यायचं नाही, नेणाऱ्यानं फक्त आपल्या घरची मूठभर माती द्यायची, असा त्यांच्या घरचा रिवाज होता.

दुसऱ्या मजल्यावरची मृण्मयी लातूरची, हिंजवडीत नोकरीला. ती तीन कलमं घेऊन गेली आणि मूठ भरून परत आली. "काकू, माती नाहीये माझ्याकडं. कोकोपीट आहे. चालेल?"

सगुणाबाईंनी ते तपकिरी भुसकट तळहातावर चोळून पाहिलं. "ही काय माती हाय व्हय? ह्यो तर काथ्या!" पण रिवाज तो रिवाज, म्हणून त्यांनी ते पदरात घेतलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात टाकून दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे त्या वर गेल्या आणि रंगाच्या तिसऱ्या बादलीपाशी थबकल्या. शेंड्यावर कळ्या होत्या. एक नव्हे, नऊ. सगुणाबाईंचे डोळे भरून आले. बादलीला हात लावून त्यांनी नमस्कार केला, टाकीकडं बघून केला, उगवतीकडं बघून केला. आता खाली जाऊन साऱ्या घराला उठवावं असं त्यांना झालं. पण आधी पाणी घालावं म्हणून त्यांनी सवयीनं मातीत बोट खुपसलं, आणि बोट तिथंच अडलं.

वरची दोन बोटं माती काळी, चिकट, घरची होती. तिच्याखाली काथ्या होता.

त्या तिथंच खाली बसल्या. सतरा डब्यांतली ढेकूळ न ढेकूळ त्यांनी आपल्या हातानं वाहून आणलं होतं, त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. मग उठून खाली आल्या. सायली ओट्यापाशी स्टूल घेऊन गवार मोडत होती.

"सायले, रंगाच्या बादलीतलं रोप कुणी बदललं?"

सायलीनं आढेवेढे घेतले नाहीत. "मीच बदलाय लावलं, आत्या. मृण्मयीताईकडनं मागून घेतलं. ह्यांनी काल वर नेऊन लावलं."

"कशापायी?"

सायली गवार मोडायची थांबली. "तुमी रोज जिना उतरून येताय ना, तवा मी पयलं तुमच्या तोंडाकडं बघती. तुमच्या तोंडावर कळी दिसत न्हाई. मग मी दिसभर पोटावर हात ठिवून बसती. बाळ जरा येळ हललं न्हाई की जीव जातो माजा. मला वाटलं, येक दिवस तरी तुमी हसत खाली याल."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. वर्षभर ऐकतच होती. आपण गच्चीवर कळ्या शोधत होतो आणि ही पोर खाली बसून आपलं तोंड चाचपत होती. सगुणाबाईंनी तिच्यापुढची गवार ओढून घेतली आणि सगळी आपणच मोडून टाकली.

गवार मोडता मोडता मात्र एक गोष्ट त्यांच्या डोक्यात टोचायला लागली. मृण्मयीचं रोप म्हणजे आपल्याच रोपाचा शेंडा. घर तेच, छप्पर तेच. देव रुसला असेल तर तो दुसऱ्या मजल्यावर कसा हसला? त्या तडक मृण्मयीच्या मागच्या गॅलरीत गेल्या. तिथं उरलेली दोन रोपं होती, हडकुळी, तहानलेली आणि कळ्यांनी लगडलेली.

"करतीस तरी काय गं तू ह्यांना?"

"काहीच नाही, काकू. पाणी घालायचंसुद्धा विसरते," मृण्मयी ओशाळून म्हणाली. "संध्याकाळनंतर इथं येतच नाही मी. बल्ब गेलाय ना. गणपतीपासून शंभूदादांना सांगतेय."

शंभू, सगुणाबाईंचा लेक, कुठल्याही कामाला आज-उद्या करण्यात पटाईत. सगुणाबाई त्याच्या नावानं पुटपुटत वर आल्या, पण त्यांना उत्तर काही सापडलं नाही. संध्याकाळी त्यांनी गेणबांना गच्चीवर बोलावलं. शेत गेल्यापासून दोघांत कामापुरतं बोलणं उरलं होतं. गेणबा आले, कठड्याला टेकले आणि नजर टाळून समोरच्या अकरा मजल्यांकडं बघत उभे राहिले. सायलीही जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढून आली होती. त्याच वेळी अंधारून आलं आणि टाकीवरचा दिवा आपोआप लागला. सगळ्या कुंड्या पांढऱ्याफेक झाल्या.

गेणबांनी दिव्याकडं पाहिलं, मग रोपांकडं. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"सगुणे, आपल्या आंबेमोहराचा खांबाखालचा तुकडा आठवतो का?"

आठवायला काय, डोळ्यापुढं उभा राहिला. रस्त्याच्या खांबावर ग्रामपंचायतीचा दिवा होता. सगळं शेत निसवायचं, लोंब्या बाहेर यायच्या, आणि दिव्याखालचं खळ्याएवढं भात तेवढं हिरवंगार, वांझ राहायचं. त्या दिव्यावर दगड मारायला निघालेल्या गेणबांना सगुणाबाईंनीच किती वेळा अडवलं होतं.

"त्या भाताला रातच म्हाईत न्हवती," गेणबा म्हणाले. "रात लांबली की त्याला कळतं, आता निसवायचं. ह्यांनाबी मी दोन वर्सं रात दावली न्हाई. समदा जलम भात केला, आन् डब्यातल्या रोपाला उजेड लावून बसलो. अक्कल गहाण ठिवली हुती."

"कुणी सांगितला हुता लावाय?" सगुणाबाई म्हणाल्या.

"तू पहाटं अंधाराची चढतीस. पाय घसरला तर, म्हणून लावला."

सगुणाबाईंना राग आणता येईना. वर्षभर त्यांनी या माणसाला मनातल्या मनात नातवाच्या मृत्यूचा धनी ठरवला होता, आणि तो त्यांच्या पायाखाली उजेड पाडत होता. गेणबांनी बटण बंद केलं. उतरताना गेणबा पुढं, मागं सायली आणि तिचा दंड धरून सगुणाबाई. मधल्या वळणावर त्या थांबल्या.

"मी गेल्या साली जे बोलले ना तुज्या उशाशी, ते खोटं हुतं. माजी जीभ झडाय पायजे हुती."

सायलीनं दंडावरचा सासूचा हात घट्ट दाबून धरला.

रोज रात्र मिळायला लागल्यावर महिन्याभरात सतराही कुंड्या कळ्यांवर आल्या. घरात आनंदीआनंद झाला. सायली रोज सकाळी विचारायची, "आत्या, आज केवढ्या झाल्या?" आणि सगुणाबाई बोटाच्या पेरावर माप दाखवायच्या, मोहरी, मग वाटाणा, मग पिवळं टोक. सायली हसायची. तिचं हसणं बघून सगुणाबाईंना बरं वाटायचं आणि लगेच धाकधूक व्हायची. कारण ती जुनी गाठ सुटली नव्हतीच, नुसती उलटी बसली होती. आता कळ्या होत्या, म्हणून बाळ सुखरूप होतं.

चंपाषष्ठी तीन दिवसांवर असताना त्या उजाडल्यावर वर गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. टेकडीवरून वानरं येऊन गेली होती. डबे आडवे झाले होते, फांद्या मोडल्या होत्या, कळ्या ओरबाडून खाल्लेल्या होत्या. गच्चीभर चुरडलेल्या पाल्याचा कडसर वास सुटला होता. आता दोष दिव्याचा नाही, रातीचा नाही, मग कशाचं नाव घ्यायचं? आणि तेवढ्यात खालून शंभूची हाक आली.

"आये! सायलीच्या पोटात दुकाय लागलंय! गाडी वळवून आणतो, चल लवकर!"

सगुणाबाईंना ठाऊक होतं, गाडीत बसल्या बसल्या ती पोर पहिल्यांदा आपल्या तोंडाकडं बघणार. गल्लीच्या टोकाला जाऊन गाडी वळवून आणायला शंभूला पाच मिनिटं लागतात. त्यांनी खाली पडलेले शेंडे पाहिले. चार-पाच चांगले होते आणि त्यांच्यावर कळ्याही शाबूत होत्या, पिवळ्या टोकाच्या. पाण्यात ठेवल्या असत्या तर षष्ठीला हारापुरत्या उमलल्याही असत्या. पण कळी धरलेला शेंडा मूळ धरत नाही. सारं बळ कळीला जातं.

त्यांनी फतकल मारली, एकेक शेंडा उचलला आणि नखानं सगळ्या कळ्या खुडल्या. एकही ठेवली नाही. खालची पानं काढली, एक डबा सरळ करून शेंडे मातीत खोचले, तांब्याभर पाणी घातलं आणि त्या खाली उतरल्या.

सायली मागच्या सीटवर ओठ चावत बसली होती. सगुणाबाई शेजारी टेकल्या. सायलीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"आत्या, कळ्या?"

"वानरांनी खाल्ल्या," सगुणाबाईंनी सरळ सांगून टाकलं. "ऱ्हायल्या त्या मी खुडल्या. शेंड्यांची कलमं लावून आले."

सायलीचे डोळे मोठे झाले. "तुमी खुडल्या? तुमच्या हातानं?"

"माज्या हातानं. कळीचं कळीपाशी, बाळाचं बाळापाशी." त्यांनी तोंड वळवलं नाही. "मला भ्या वाटतंय, सायले. लई वाटतंय. पण ते शेवंतीचं न्हाई. माजी पोर दवाखान्यात निघालीया, त्याचं हाय."

कळ आली तशी सायलीनं सासूचा हात पकडला. तो हिरव्या रसानं डागाळला होता आणि नखांत माती होती. कळ ओसरली, तेव्हा तिनं तोच हात उचलून आपल्या पोटावर ठेवला.

"हितं बघा," ती म्हणाली. "आता हितंच बघत जावा."