अर्ध्या तासानंतर

वत्सलाबाई ट्रॉलीतून उतरल्या त्या गोधडीत गुंडाळलेला टीव्ही छातीशी धरूनच. ऊसतोड संपवून परत येताना कारखान्यापासून युसूफ वडगावपर्यंतचा खड्ड्यांचा रस्ता त्याने त्यांच्या मांडीवर काढला होता. कोयते, भांडी, कोंबड्या मात्र आपापल्या नशिबावर सोडलेल्या.

"बजरंगा, लाव बरं. लई हादरे बसलेत त्याला."

त्यांचा बजरंग फौजेत हादऱ्यांचाच माणूस. सुरुंगाचा धक्का खाल्लेल्या चिलखती गाडीतला रेडिओ शाबूत आहे का, हे तपासायचं आणि सही ठोकायची, हे त्याचं काम. त्याने टीव्ही लावला. चित्र लख्ख आलं. चहा झाला, गप्पा रंगल्या, आणि अर्ध्या तासाने पडदा काळा पडला. गार झाल्यावर पुन्हा लागला, तापल्यावर पुन्हा गेला.

"आत जोडाला चीर हाय, माय. गार हाय तवर धरती, तापली की सोडती."

बोलता बोलता त्याला फौजेतला एक रेडिओ आठवला.

परवा रजेवर निघताना स्टेशनला नेणारी गाडी फाटकात उभी होती. आईच्या आधी घरी पोचायचं म्हणून त्याने धक्का खाल्लेला एक रेडिओ दहाच मिनिटं चालवून पाहिला होता, आणि सही केली होती. ती चिलखती गाडी आज दुपारी चार जवानांना घेऊन सरहद्दीकडे निघणार होती. तिकडे मदत मागायला त्या रेडिओशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्याने धर्मराजला फोन लावला. पालीचा धर्मराज वर्कशॉपमध्ये त्याच्याच बरोबरीचा. पण त्याच्या संथपणाची टिंगल करण्यात बजरंग सगळ्यांच्या पुढे.

"धर्मा, त्या गाडीतला रेडिओ काढ बे! आत्ताच्या आत्ता!"

"काढलाय," धर्मराज म्हणाला. "परवाच. तू गेल्यावर दोन तास चालवायचा म्हून लावला, तर चाळीस मिन्टात मेला. दुसरा बसवलाय. रिपोर्ट तेवढा वर न्हाई पाठवला. तुला राग यील म्हून."

बजरंग उंबऱ्यावरच बसला. आपण चुकलो हे ऐकून जिवाला इतकं बरं वाटेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"पाठव रिपोर्ट. माझी चूक हाय असं लिव्ह. अन् धर्मा, असाच वेळ लावत जा बे."

"कावून खाली बसलास रं?" वत्सलाबाई धास्तावून जवळ आल्या. "टीव्ही पार वाया गेला का?"

बजरंगने बंद टीव्हीवरची धूळ आपल्या बाहीने हळूच पुसली.

"न्हाई माय. लई कामाला आला त्यो."