लंडन जवळ, मुंबई लांब

आमच्या थळ गावात तेव्हा विमान फक्त खालून पाहिलेलं. त्यात बसून कोणी घरी येईल, आणि तो माझाच नवरा, हे ऐकून मी तर चाटच पडले.

हे तीन वर्षं आगबोटीवर खलाशी होते. बोट लंडनच्या गोदीत दुरुस्तीला लागली, म्हणून कंपनीनं सगळ्यांना विमानानं परत धाडलं. तार आली, नारळी पुनवेच्या आदल्या सकाळी मुंबईत उतरतो.

माझे सासरे गुणाजी तांडेल. त्यांची नवी होडी किनाऱ्यावर उभी होती, पुनवेच्या दुपारच्या भरतीला पाण्यात लोटायची. "ज्याच्या हातचा नारळ, त्याच्या हाती सुकाणू," असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलेलं, ह्यांनाही पत्रानं कळवलेलं. लेक सदा वेळेत आला तर सदा, न्हायतर पुतण्या धर्माजी. सुकाणू धर्माजीकडं गेलं, म्हणजे हे पुन्हा आगबोटीवर आणि मी पुन्हा वाटेकडं डोळे लावून. मला नको होतं ते, अजिबात नको होतं!

मामंजींनी दिनानाथ मास्तरांचं डोकं खाल्लं.

"लंडन किती लांब?"

"साडेचार हजार मैल."

"आगबोटीला तीन आठवडे. विमानाला?"

"एक दिवस, एक रात्र. मधे दोन-तीनदा तेल घ्यायला उतरतं."

"आन् वारा उलटा असला तर?"

"मग थोडा उशीर."

"मंग खरं हाय," मामंजी खूश झाले. विमानालाही वारा लागतो म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला.

अख्खा कोळीवाडा आभाळाकडं माना करून हिशेब मांडत बसला. रात्री कुठं नांगर टाकतात, धुक्यात वाट कशी सापडते, एक ना दोन! मुंबईचं नाव मात्र कोणी काढलं नाही. काढायचं कशाला? मुंबई म्हणजे समोर, रात्री तिचे दिवे दिसतात. पण पावसात आमच्या होड्या किनाऱ्यावर असतात, मुंबईहून येणारी रेवसची लाँच बंद असते, हे दर्यावर जगणाऱ्या एकालाही सुचू नये? सगळे अकलेचे कांदे, आणि त्यांत मीही.

पुनवेची दुपार आली. पाणी होडीच्या बुडाला लागलं, वर चढलं. ह्यांचा पत्ता नाही. धर्माजीनं नारळाला हात घातला.

"थांबा!" मी पुढं झाले. "लग्नात मला अर्धांगी म्हटलंत ना? मंग अर्धा सदा हितं हाय."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मामंजी हसले नाहीत. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"दे रं तिला," ते धर्माजीला म्हणाले. "सुकाणू सदाचं."

मी नारळ दर्याला दिला. होडी तरंगली.

हे आले दुसऱ्या दिवशी, गुडघाभर चिखलात. पनवेलपर्यंत ठीक, मग पेणजवळ रस्त्यावर पाणी, एस्टी बंद, पुढं चालत.

"जने, लंडनहून मुंबई एक दिवस," हे ओट्यावर बसत म्हणाले, "आन् मुंबईहून थळ दोन!"

मग त्यांना पाण्यावर होडी दिसली आणि तोंड एवढंसं झालं.

"नारळ कोणी दिला?"

"तुमीच," मी म्हटलं. "आता कुठं जायाचं न्हाय."