खळीतलं निळं

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. दचकू नका. 'चोरट्यांभोवती पोलिसांचा शिकंजा' असे वर्तमानपत्रात छापून येते, तो मी नव्हे. मी आयुष्यात एकाही चोराला धरलेले नाही. मी पुस्तके धरतो. बाभळीच्या दोन जाड फळ्या आणि त्यांना जोडणारी लोखंडाची दोन मळसूत्रे, एवढाच माझा देह. पुस्तकाची बांधणी झाली की ते माझ्या फळ्यांमध्ये ठेवायचे, मळसूत्रे पिळायची आणि खळ वाळेपर्यंत सोडायचे नाही, हे माझे काम.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला आवळायला आणि सैल करायला माणसाचा हात लागतो. स्वतःहून मला काहीच करता येत नाही. याचे पूर्वी मला वाईट वाटत नसे. आता वाटते, आणि का वाटते तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा मालक धोंडिराम. सांगलीच्या एका छापखान्यात तो बुकबाइंडिंग शिकला आणि रहिमतपूरला वस्तीतल्या आपल्या घरी परत आला. त्याने केरबा सुताराला मला घडवायला सांगितले. केरबाने लाकूड वर्षभर सावलीत वाळत टाकले. धोंडिराम दर आठवड्याला चौकशीला जाई. केरबा म्हणे, "गड्या, वल्या लाकडाला घाई केली की ते जलमभर वाकडं चालतंय. गप घरी जा." म्हणून मी आजही सरळ आहे. पन्नास पावसाळे झाले, पण फळी तसूभरही वाकलेली नाही.

काय काय धरले नाही मी! जूनमध्ये शाळेची पुस्तके, मार्चनंतर सोसायटीची रजिस्टरे, म्हसवडकडच्या एका गुरवाची तेलकट पोथी. धोंडिराम दाभणाने भोके पाडी, दोऱ्याने शिवण घाली, पुठ्ठा बसवी, माधवनगरहून आणलेले जाडे कापड चढवी आणि मग पुस्तक माझ्या हवाली करी. साताऱ्याच्या वाचनालयाचे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "धोंडिरामच्या पुस्तकाला कसर लागत नाही." कसर म्हणजे कागद खाणारा बारीक किडा. धोंडिराम नुसता हसला. मीही मनात फुगलो. आम्हा दोघांना वाटले, हे आमचेच कौतुक.

खरे कौतुक कोणाचे होते ते आतल्या चुलीपाशी बसले होते. धोंडिरामची बायको भामाबाई रोज सकाळी भाकऱ्या उरकल्या की त्याच चुलीवर मैद्याची खळ शिजवी. खळ उतरवताना ती फडताळावरची एक बाटली काढी आणि कुटलेल्या मोरचुदाची चिमूट गरम पाण्यात विरघळवून खळीत घाली. मोरचूद विषारी असते, त्याला तुम्ही हात लावू नका. रंगाला ते मोराच्या गळ्यासारखे निळे. त्या चिमटीने खळीला जेमतेम निळसर झाक येई, आणि कसर त्या पुस्तकाच्या वाऱ्याला उभी राहत नसे. हे ठाऊक होते भामाबाईला आणि मला. धोंडिरामलाही असेल, पण खळीचे काम स्वयंपाकातच धरले जाई. बांधणी धोंडिरामची, खळ काय, घरात होतेच.

पुढे दिवस पालटले. झेरॉक्सच्या दुकानात दोन मिनिटांत तारेची बांधणी मिळू लागली. धोंडिराम गेला. मला भिंतीकडे सरकवले आणि माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवली. एका पावसाळ्यात तर माझ्या फळ्यांमध्ये पापड दाबून ठेवले होते. पुस्तके धरणाऱ्याने पापड धरावेत, यापरते काय सांगू.

मग तीन वर्षांपूर्वी प्रशांत घरी आला. हा धोंडिरामचा मुलगा. फौजेत हवालदार होता, नोकरी पुरी करून परतला. आल्यावर चौथ्या दिवशी त्याने माझ्यावरची बरणी उचलली, मळसूत्रांना तेल दिले आणि म्हणाला, "आई, मला बाइंडिंग शिकीव."

भामाबाई हसली. "बंदूक धरल्याला हात हाय तुजा. सुई धरंल का?"

"ट्रेनिंग दे की. समदं नीट लिहून घेतो बघ."

आणि खरेच त्याने खिशातली एक डायरी काढली. एक, कागद जुळवणे. दोन, दाभण. तीन, शिवण. फौजी माणूस, आकडा घातल्याशिवाय श्वास घेत नसे. जन्मभर धोंडिरामची शिवण पाहिलेली भामाबाई शेजारी बसून त्याची शिवण उसवायला लावी. "लय ताणलास. कागुद हाय त्यो, दुश्मन न्हाई." तो पुन्हा शिवी. वर्षभरात त्याचा हात वळला. मला पुन्हा पुस्तके मिळू लागली आणि मी सुखात होतो.

फक्त एक गोष्ट राहिली. प्रशांत कामाला बसे तेव्हा खळीची वाटी तयार असे. एकदा त्याने विचारलेही, "खळ कशी करायची गं?" भामाबाई म्हणाली, "ते चुलीचं काम हाय. माझं मी बघती. तू हात चालव." तो डायरीत पुढच्या आकड्याकडे वळला. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असायला हवे होते. पण तेव्हा ओरडण्याजोगे काही आहे हे मलाही कळले नाही.

आता त्या वहीबद्दल सांगतो. छप्पन्न सालानंतर लगेच आमच्या वस्तीतल्या त्रेचाळीस जणांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांची नावे आणि वये एका वहीत लिहिलेली आहेत. पुढे अंगठे आहेत, आणि एकच सही आहे: 'धोंडिराम, वय सात'. दर दसऱ्याला विहारात ती वही उघडून सगळी नावे मोठ्याने वाचतात. त्या वहीतल्या माणसांचा आज दुसरा कागद कुठे नाही. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी ती घड्यांवर फाटू लागली. वाचन करणाऱ्या प्रियदर्शनीबाई, वस्तीच्या शिक्षिका, वही घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "प्रशांतदादा, दसऱ्याआधी हिला नीट करा. एवढीच खूण हाय आपल्याकडं."

"ही वही मी खाली पडू देत न्हाई," प्रशांत म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात भामाबाईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. जीभ गेली. दवाखान्यातून आणून तिची खाट माझ्यासमोरच टाकली. आता त्या खोलीत मुके दोघे झालो.

प्रशांतने आईसमोर बसून वही उसवली. तिला बघता यावे म्हणून मुद्दाम तिथे बसला. प्रत्येक जीर्ण घडीला त्याला पातळ कागदाची पट्टी लावायची होती. त्यासाठी खळ हवी. त्याने मोबाइलवर बघून मैदा आणि पाणी शिजवले आणि पातेले आणून खाली ठेवले. खळ पांढरीशुभ्र होती, दुधासारखी.

भामाबाईने ती पाहिली. मी तिचा चेहरा पाहिला. तिचा डावा हात उठला आणि फडताळाकडे गेला. बऱ्याच वेळाने तोंडातून एक शब्द निघाला.

"निळं."

प्रशांतच्या हातातला ब्रश थांबला. झटक्यानंतरचा तो तिचा पहिला शब्द. "काय म्हणलीस आई? निळं?"

"निळं... निळं."

तो फडताळाकडे वळला. तिथे धोंडिरामचा जुना निळा झेंडा घडी करून ठेवला होता. मोरचुदाची बाटली त्या झेंड्याच्या मागे होती. आमच्या घरात निळे म्हटल्यावर दुसरे काय डोळ्यांपुढे येणार? त्याचे डोळे भरून आले. "व्हय आई. समजलं. वहीला निळं कापड घालतो. दादांच्या झेंड्यागत निळं."

भामाबाईने मान हलवली, नाही नाही अशी. पण तिची मान त्या दिवसांत तशीही हलतच असे.

पांढऱ्या खळीच्या पट्ट्या एकेक करून लागल्या. मग साताऱ्याहून आणलेले निळे कापड चढले आणि वही माझ्यात आली. त्याने मळसूत्रे पिळली. मी ती तीन दिवस घट्ट धरून ठेवली. दुसरे काय करणार होतो? मला सोडता येत नव्हते, तिला बोलता येत नव्हते. ती रडत होती आणि तो तिचे डोळे पुसून म्हणत होता, "बरं वाटलं न्हवं आई?"

त्या दसऱ्याला वहीचे फार कौतुक झाले. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले, निळ्या कव्हराचे. आत कोणी फोटो घेतला नाही, आतले तर सगळ्यांना माहीतच होते. वही विहाराच्या पेटीत गेली. थंडीत भामाबाई गेली.

पुढच्या दसऱ्याला पेटी उघडली. प्रशांत संध्याकाळी वही छातीशी धरून घरी आला, मागे प्रियदर्शनीबाई. वरून निळे कापड कोरे करकरीत होते. आत जिथे जिथे पट्टी होती तिथे चाळण झाली होती. उजवीकडच्या पानांवर नावांची सुरुवातच घडीत येते, ती कसरीने खाल्ली होती. 'धोंडिराम'चे '...राम' उरले होते. ते भरून काढता आले. पण चार ओळींत फक्त 'बाई' उरले होते. बाई, वय तीस. बाई, वय एकोणीस. पुढे अंगठा.

"ह्या कोण म्हणायच्या?" प्रशांतने विचारले.

प्रियदर्शनीबाई म्हणाल्या, "मी तर दरसाल वहीत बघूनच वाचली. विहारात समद्यांस्नी इचारलं. कुणालाच ठावं न्हाई. भामाआजीला तोंडपाठ हुती."

वही गुंडाळायला त्याने फडताळावरचा जुना झेंडा ओढला. मागे बाटली होती. त्याने ती उजेडात धरली. आतले खडे निळेजर्द चमकले. आईच्या वाटीतल्या खळीला हीच झाक असे, हे त्याला तेव्हा आठवले असावे. मग माझ्यावर हात टेकून खाली बसला आणि म्हणाला, "आई खळीचं सांगत हुती."

मी काय सांगू त्याला? की हो, म्हणून? मी तर तेव्हाही इथेच होतो.

आता तो खळ स्वतः करतो, निळसर. डायरीत 'एक' या आकड्याच्या वर त्याने जागा करून लिहिले आहे: 'खळ. आईची.' वही नव्या पट्ट्या लावून आज पुन्हा माझ्यात आहे. चार जागा कोऱ्या आहेत. दसऱ्याला प्रियदर्शनीबाई तिथे थांबतील, नुसते 'बाई' म्हणतील आणि पुढे जातील. मी वही घट्ट धरली आहे, पण माझ्या धरण्याने अक्षरे परत येत नाहीत.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना तेल द्या, असे मी सांगायला हवे. द्याच. पण तुमच्या घरात कोणीतरी रोज मुकाट्याने काहीतरी शिजवत असेल, निवडत असेल, भिजत घालत असेल. आज तिच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, "यात काय घालतेस गं?" ती म्हणेल, "तू हात चालव, माझं मी बघती." तरी उठू नका. पुन्हा विचारा.