चौदा बटणांचं गाणं

मी एक जुना पियानो आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की गोड गोड बोलतात, असा तुमचा समज असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

नाट्यगृहाच्या दारातून आत आलं की तिकीट खिडकीशेजारी मी उभा असतो. माझ्या छातीवर एक पितळी पाटी ठोकली आहे. ‘याच पियानोवर साहेबांनी आपली अजरामर गाणी रचली’, असं तिच्यावर कोरलं आहे. शाळेच्या सहली येतात, तुम्ही ते मोठ्याने वाचता, तुमच्या बाई म्हणतात, “वहीत उतरवून घ्या.” तुम्ही उतरवून घेता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. साहेब या नाटक कंपनीचे मालक. त्यांनी माझ्यावर एक ओळसुद्धा रचलेली नाही. गाणी ताईची होती, शब्दही तिचे आणि चालही तिची.

आता पहिल्यापासून सांगतो. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका सुताराने दोन वर्षं वाळवलेल्या लाकडातून मला घडवलं आणि त्याच्या बायकोने माझ्या आतल्या हातोड्यांना एकेक करून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, चिकटवला. पहिली काही वर्षं मी एका नृत्यशाळेत होतो. ती बंद पडली तेव्हा या कंपनीने मला घेतलं. याच नाट्यगृहाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या तालमीच्या खोलीत चढवताना मी जिन्याच्या वळणावर हमालांच्या हातून निसटलो आणि सहा पायऱ्या खाली आपटलो. बाहेरून खरचटलंसुद्धा नाही. पण आत मधल्या सप्तकातल्या ‘ध’ची हातोडी मोडली. तेव्हापासून सा, रे, ग, म, प वाजायचे आणि ‘ध’च्या जागी नुसतं ठक्. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं.

ताई तेव्हा कंपनीच्या कपडेपटात होती. पोशाख शिवायचे, इस्त्री करायचे आणि प्रयोग चालू असताना नायिकेला ते चढवायचे, हे तिचं काम. दुपारच्या सुट्टीत सगळे खाली जेवायला गेले की ती वर येई, तोंडातल्या टाचण्या काढून माझ्या डोक्यावर ठेवी आणि वाजवायला बसे. तिला कोणी शिकवलं नव्हतं. काळ्या पट्ट्यांना ती बिचकायची. सगळं पांढऱ्यांवरच, आणि तेही नेहमी एकाच ‘सा’पासून. ‘ध’ बोलत नाही म्हणून तिने कधी कुरकुर केली नाही. ती चालीच अशा बांधायची की ‘ध’ लागूच नये. ‘प’वरून थेट ‘नी’वर. मधली पायरी मोडलेल्या जिन्यावरून घरची माणसं चढतात, अगदी तशी.

एकदा नवं नाटक बसत होतं. नायिकेला पडद्याआड जाऊन पोशाख बदलायचा होता आणि त्याला पाठीवर चौदा बटणं होती. तोवर रंगमंच रिकामा राहणार. साहेब सगळ्यांवर डाफरत होते. ताई दारातून म्हणाली, “मी एक गाणं करून बघू का? मला ठाऊक आहे किती वेळ लागतो ते.”

“तू?” साहेब हसले. “कर बाई, कर. नाहीतरी सगळ्यांनी अक्कल पाजळलीच आहे.”

तीन दुपारी ती माझ्यापाशी होती. एका हाताने वाजवायची, दुसऱ्या हाताने एका जुन्या पोशाखाची बटणं लावायची. एका बटणाला एक ओळ. चौदा ओळी झाल्या, शेवटचं बटण लागलं आणि गाणं संपलं. दर दोन ओळींनी ती ‘प’वरून ‘नी’वर उडी घ्यायची आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

मित्रांनो, ते गाणं तुम्हालाही पाठ आहे. तुमच्या आजीलाही पाठ आहे. नाटक गाजलं, मग त्याचा चित्रपट झाला आणि गाणं घराघरात पोचलं. चित्रपटाच्या पाट्यांवर नाव आलं ते साहेबांचं. गीत साहेबांचं, संगीत साहेबांचं. ताई विचारायला आली तेव्हा मी तिथेच होतो.

“अगं, नावं काय, कंपनीची असतात,” साहेब म्हणाले. “आपण घरची माणसं. तुझं-माझं कशाला करतेस? पुढच्या वेळी बघू.”

पुढच्या वेळी कोणी बघितलं नाही. बारा चित्रपटांची गाणी तिने माझ्यावर रचली आणि बाराही वेळा तेच झालं. खरं सांगू? मला तिचाही राग येतो. ती गप्प का बसली? भांडली तर ही खोली बंद होईल आणि आपल्याकडे तर पियानो नाही, ही तिची भीती. ते मला समजतं, पण राग जात नाही. आणि माझा स्वतःचाही येतो, कारण एवढा मोठा आवाज असून मी काही बोलू शकलो नाही.

साहेब मुलाखती द्यायचे. चौदा ओळी का? तर म्हणे आयुष्याचे चौदा टप्पे. ती उडी कशाची? कुठली उडी ते न कळताच म्हणे, आत्म्याची झेप. जाणकार माना डोलवायचे. बटणं, मित्रांनो, बटणं! आणि एक मोडकी हातोडी! पाहुणे आले की साहेब त्यांना वर आणत. “इथेच सुचलं मला,” असं म्हणत आणि दोन ओळी वाजवून दाखवत. त्यांचं बोट ‘प’वरून सरळ ‘ध’वर पडायचं आणि मग ‘नी’वर. चढणाऱ्या कुणाचंही पडेल तसं. पण ‘ध’ मुका होता. नुसतं ठक् व्हायचं आणि साहेब हसून म्हणायचे, “म्हातारा झालाय बिचारा.” आपण चुकतोय हे त्यांना कधी कळलंच नाही, कारण माझ्याशिवाय दुसऱ्या पियानोला त्यांनी हात लावला नाही.

हे एकाच माणसाच्या लक्षात आलं होतं. सूर लावायला येणारे काका. ताईने त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, “काका, तो ‘ध’ राहू द्या तसाच. मला त्याची सवय झालीय.” दर वेळी ते बाकी सगळं नीट करत आणि तेवढं सोडत.

पुढे ताईचे डोळे अधू झाले, तिने कंपनी सोडली. एका दुकानात ती कपडे उसवून सैल करून देऊ लागली. माझ्यावर रंगाचे डबे आले, जुनी पोस्टरं आली. पोस्टरांवर साहेबांचं नाव होतं, म्हणजे ते ओझंही माझ्याच डोक्यावर. पंचवीस वर्षं मी त्या खोलीत धूळ खात होतो.

मग साहेबांचा सत्कार ठरला आणि मला खाली रंगमंचावर आणलं गेलं. पाटी कोरून आली आणि चार स्क्रूंनी माझ्या छातीत बसवली. व्यवस्थापकाने काकांना बजावलं, “साहेब स्वतः वाजवणार आहेत. एकही पट्टी मुकी राहता कामा नये.”

काका आता पार वाकले होते. त्यांनी झाकण काढलं आणि मोडकी हातोडी सोडवली. मग नवी दांडी बसवली, नमदा लावला, बोटाने ‘ध’ दाबला. इतक्या वर्षांनी तो वाजला. काका माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “बोल आता.”

सत्काराला नाट्यगृह भरलं होतं. काकांनी निरोप धाडला होता म्हणून मागच्या रांगेत ताई आली होती, शेजारी तिची भाची. साहेब माझ्यासमोर बसले, डोळे मिटले आणि वाजवू लागले. सा, ग, प, आणि बोट पडलं ‘ध’वर. मी सगळा जीव एकवटून बोललो. सबंध नाट्यगृहाला ते गाणं पाठ होतं. हजार माणसांनी एकदम तोंड वाकडं केलं. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, “आजोबा, चुकलं!”

साहेब हसले, पुन्हा वाजवू लागले. पुन्हा ‘ध’. तिसऱ्यांदा पुन्हा ‘ध’. आता साहेब हसत नव्हते.

“मावशी, ऊठ,” भाची म्हणाली. “आता नाही उठलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.”

ताई उठली. टाचणी शोधावी तशी चाचपडत रंगमंचावर आली. उभ्यानेच तिने दोन ओळी वाजवल्या आणि तिचं बोट ‘ध’ला न शिवता ‘नी’वर गेलं. “इथे सूर नाही,” ती म्हणाली. “ही पट्टी बंद होती तेव्हा. म्हणून मी ती गाळली.”

मित्रांनो, मला वाटलं, झालं, आता न्याय होणार. पण साहेब उठले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ही आमची जुनी शिष्या!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ताईचा अर्धाच चेहरा होता. पाटी तशीच राहिली आणि तिच्यासकट मला तिकीट खिडकीशेजारी आणून ठेवलं. रोज सकाळी तिला पॉलिश होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून ताई दुपारी येऊ लागली आहे. काकांनी विचारलं, “तो ‘ध’ परत मुका करून देऊ का?” ती म्हणाली, “नको. त्याच्या वाट्याची गाणी राहिलीत ना.” आता ती नवं गाणं करते आहे आणि त्यात ‘ध’ जागोजागी आहे. भाची कागद घेऊन शेजारी बसते. कागदावर पहिली ओळ लिहायच्या आधी ताई सगळ्यात वर आपलं नाव घालते, ठळक, स्वतःच्या हाताने.

जुने पियानो तुम्हाला सांगतात की हात स्वच्छ धुऊन या, हळुवार वाजवा, आमची काळजी घ्या. मी तसं सांगणार नाही. मित्रांनो, सहलीला आलात की बाईंची नजर चुकवा आणि डाव्या हाताच्या शेवटच्या पट्ट्या दोन्ही मुठींनी बडवा, अगदी जोरात. खालचे सूर वाजले की माझं सगळं अंग थरथरतं आणि पाटीचे स्क्रू थोडे थोडे सैल होतात. तीन निघाले आहेत. एकच उरला आहे.